काळोखाचं लाइटबिल

रॉकच्या व्हिडिओतला माणूस कधी जेवताना दिसत नाही. तो पडक्या गोदामात उभा असतो. भिंतीला ओल आलेली, वरून एकच बल्ब लोंबतोय आणि तोही आत्ताच कोणीतरी डोकं आपटून गेल्यासारखा हलतोय. बाहेर पाऊस. खिडकीशी एक फिकट मुलगी. तिचं कोणाशी काय बिनसलंय ते गाणं संपलं तरी कळत नाही. मधूनच कावळा येतो, मग किडे, मग एका डोळ्याची बाहुली. गायक भिजतो, चिखलात लोळतो, छाती फुटेस्तोवर ओरडतो, पण ‘अरे, डोकं पूस, सर्दी होईल’ असं म्हणणारं एक माणूस त्या अख्ख्या चित्रात नसतं. नीट उदास व्हायचं तर आधी आजूबाजूची माणसं हटवावी लागतात. ती कोकणात हटत नाहीत.

या विषयातला मी तज्ज्ञ आहे. तशी पदवी मला कोणी दिलेली नाही. लग्नकार्यात बुफेच्या रांगेत माझ्या पुढेमागे सापडलेल्या पाहुण्यांनी ती सोसलेली आहे. नव्वदच्या दशकात केबल आली आणि आमची पिढी रात्री आवाज बारीक करून हे व्हिडिओ बघत वाढली. इतर मुलं गिटार शिकली. मला बोटं दुखवून घ्यायची नव्हती म्हणून मी दिग्दर्शकांची नावं पाठ केली. निर्वाणाचं ‘स्मेल्स लाइक टीन स्पिरिट’, 1991, दिग्दर्शक सॅम्युअल बायर: शाळेचं जिम, पिवळट धूर, काळ्या कपड्यातल्या चिअरलीडर. त्याच निर्वाणाचं ‘हार्ट-शेप्ड बॉक्स’, 1993, अँटन कॉर्बाइन: आधी रंगीत चित्रित केलं, मग कृष्णधवल केलं आणि मग एकेक फ्रेम हाताने रंगवली. नाइन इंच नेल्सचं ‘क्लोजर’, 1994, मार्क रोमानेक: यंत्रावर गरागरा फिरणारं डुकराचं मुंडकं, हा व्हिडिओ पुढे न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने संग्रहात घेतला. हे सगळं मी पनीरच्या भाजीपासून गुलाबजामपर्यंत सांगू शकतो. सांगितलेलंही आहे.

ऐकणाऱ्यांत एक भाचा होता. तो इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आणि मेटल बँडच्या पहिल्या वर्षाला आहे. बँडचं नाव इथे देत नाही, कारण बहिणीने शपथ घातली आहे. तिला आधी वाटलं होतं की पोरगं भजनाला जातंय. एकदा त्याच्या खोलीतून ‘भयानक मौत, भयानक मौत’ असं ऐकून ती लाटणं घेऊनच धावली. ते मुंबईतल्या एका जुन्या, चांगल्या बँडचं नाव आहे हे तिला पटवायला मला अर्धा तास लागला. मी मध्यस्थी केल्यामुळे भाच्याचा माझ्यावर विश्वास बसला, आणि तिथून माझे ग्रह फिरले.

“मामा, आपल्या गाण्याचा व्हिडिओ तूच कर ना डिरेक्ट.”

गाणं एकटेपणावर होतं. पाच जणांनी मिळून लिहिलं होतं.

भाच्याच्या मनात वेगळीच कल्पना होती. साउंडगार्डनचं ‘ब्लॅक होल सन’ आहे ना, 1994 चं, हॉवर्ड ग्रीनहॅल्गने केलेलं, तसं काहीतरी करू म्हणाला. त्यात काळोख नाहीच. अमेरिकेतली छान वस्ती, हिरवळ, लख्ख ऊन, आणि सगळ्यांच्या चेहऱ्यावर ताणून ताणून कानापर्यंत गेलेलं हसू. बघता बघता जगबुडी येते, तरी माणसं हसतच असतात. मी त्याला थांबवलं. म्हटलं, तो अपवाद आहे, नवशिक्यांनी त्याच्या वाटेला जाऊ नये. गॉथिक म्हणजे अंधार. अंधार म्हणजे जुनं घर. आणि जुनं घर आपल्याकडे आहे.

कुडाळजवळचं आमचं वडिलोपार्जित घर सामायिक आहे. जांभ्या दगडाचं, मंगळुरी कौलांचं, आणि सातबाऱ्यावर इतक्या भाऊबंदांचं की त्यातलं एक कौल बदलायचं तरी नालासोपाऱ्यापासून बडोद्यापर्यंत फोन करावे लागतात. म्हणून ते कोणीच बदलत नाही. कोकणात अशी घरं गावोगाव आहेत. माणसं मुंबईला आणि कुलूप गावाला. माझ्या दृष्टीने हा तयार सेट होता. मुहूर्त मी आषाढी अमावास्येचा काढला. ब्लॅक सॅबथने आपला पहिला अल्बम 13 फेब्रुवारी 1970 रोजी, शुक्रवार बघून बाजारात आणला होता. आपणही तिथी बघूनच काम करावं. शिवाय अमावास्येला चंद्र नाही, पावसाळ्यात चांदण्या नाहीत. काळोख फुकट, पाऊस फुकट, ओल फुकट. बजेटमध्ये मी एवढाच मुद्दा मांडला आणि पोरांनी टाळ्या वाजवल्या.

बायको म्हणाली, “अमावास्येला तिकडे? मग मी पण येते.” ती का येते म्हणाली याची चौकशी मी केली नाही.

कुडाळ स्टेशनावरून आम्ही घरी पोचलो तेव्हा पोरं ठरल्याप्रमाणे डोक्यापासून पायापर्यंत काळ्या कपड्यांत होती. शेजारच्या काकी खळ्यात उभ्या होत्या. त्यांनी एकदा पोरांकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि डोक्यावर पदर घेऊन हलक्या आवाजात विचारलं, “कोण गेला रे?”

कोणी गेलेलं नाही, गाण्याचं शूटिंग आहे, हे ऐकून त्या इतक्या खूश झाल्या की दहा मिनिटांत पेज, फणसाची भाजी आणि तळलेला सुका बांगडा आला. बेसवाला दोन दिवस मुद्दाम कमी जेवत होता, गाल आत गेलेले दिसावेत म्हणून. काकींनी त्याच्याकडे बघून “ह्येका घरात कोण जेवाक घालणा नाय काय?” असं म्हणत आणखी एक ताट वाढलं. दुपारपर्यंत त्याचे गाल जिथल्या तिथे आले.

मेकअपचा प्रश्न मी आधीच सोडवून ठेवला होता. नॉर्वेच्या ब्लॅक मेटलवाल्यांचं तोंड पांढरं आणि डोळ्यांभोवती काळं असतं, प्रेतासारखं. आमच्या वाडीत दशावतारात काम करणारे एक गृहस्थ आहेत. ही मंडळं पावसाळ्यात बंद असतात, त्यामुळे ते भाताची लावणी करून मोकळे होते. दशावतारी आपला रंग आपणच चढवतो, हात बसलेला. मी त्यांना फोनवर नमुना दाखवला. त्यांनी चष्मा लावून तो निरखला आणि म्हणाले, “संकासूर.”

म्हटलं, नाही, हा बर्गेनचा इमॉर्टल नावाचा बँड आहे.

“संकासूरच तो,” ते ठाम होते.

त्यांनी मन लावून काम केलं. पण आयुष्यभर देव आणि राक्षस रंगवलेल्या माणसाला नुसतं प्रेत रंगवणं जमत नाही. भुवया आपोआप वर जातात. कपाळावर गंध येतं. गायक भयाण दिसण्याऐवजी भारदस्त दिसू लागला, आणि ड्रमरकडे बघून तर वाडीतली पोरं टाळ्या पिटत हसायला लागली. कारण काळ्या कपड्यातला संकासूर स्टेजवर आला की हसायचं असतं हे ती पाळण्यातच शिकलेली. मी पोरांना धीर दिला की त्या इमॉर्टलनेही 1992 मध्ये ‘द कॉल ऑफ द विंटरमून’चा व्हिडिओ केला होता, त्यात ते तोंडाला रंग फासून रानात इकडून तिकडे पळतात, तोंडातून जाळ काढतात, आणि जग आजतागायत त्याला हसतं आहे. तरी बँड मोठा झालाच. ड्रमर म्हणाला, “मामा, आधी मोठे होऊ द्या, मग हसू द्या.”

पुढे मुंडक्याचा विषय निघाला. ‘क्लोजर’सारखं काहीतरी फिरतं हवंच होतं. डुकराचं मुंडकं आणणं शक्य नव्हतं. गिटारवाला शुद्ध शाकाहारी आहे. मी बाजारातून चांगला मोठा कोहळा आणला, त्याला कुंकवाने डोळे काढले आणि जुन्या टेबल फॅनच्या मोटरीवर बसवायच्या तयारीला लागलो. काकी बघत होत्या. त्यांना त्यात जराही विचित्र वाटलं नाही. बळीच्या जागी कोहळा कापायचा ही आपल्याकडची जुनी रीत. त्यांना वाटलं मी मुंबईत राहूनही सगळं यथासांग करतोय. “कोयती आणू?” एवढंच त्यांनी विचारलं. मोटर फिरली, कोहळा उडाला, पडवीच्या खांबावर फुटला. संध्याकाळी त्याच्या वड्या आल्या. उत्तम झाल्या होत्या.

आता धूर. विलायती सेटवर धुराचं यंत्र असतं, त्यात ग्लायकॉल आणि पाणी तापवतात; जमिनीलगत सरपटणारं धुकं हवं असेल तर ड्राय आइस, म्हणजे उणे 78 अंशांचा घट्ट कार्बन डायऑक्साइड. आमच्याकडे नारळाची सोडणं होती. ओल्या सोडणांचा धूर गोठ्यात डास हाकलायला करतात, तो मी लहानपणी पाहिलेला. तीन घमेली पेटवून माजघरात ठेवली. धूर सरपटला नाही. तो थेट वर गेला, कौलांच्या फटींतून बाहेर पडला, आणि लांबून घर पेटल्यासारखं दिसू लागलं. वाडीतली झाडून सगळी माणसं कळशा आणि बादल्या घेऊन धावत आली. त्यांनी विचारपूस करण्यात वेळ घालवला नाही, हा कोकणी माणसाच्या तत्परतेचा पुरावा मी आजही लोकांना देतो. व्हिडिओत पावसाआधीच भिजलेला दिसतो तो गिटार अँप त्याच वेळचा.

जमलेली गर्दी मग परत गेलीच नाही. कोणी ओटीवर बसलं, कोणी पायरीवर. पान-सुपारी फिरली. एकटेपणाच्या गाण्याला बघता बघता पन्नासेक प्रेक्षक जमले. त्यातले एक वयस्क गावकार पुढे आले आणि म्हणाले, घराच्या मागे राखणदाराची जागा आहे, त्याला न सांगता असलं काही सुरू करू नये. गाऱ्हाणं घालायला हवं.

नारळ ठेवला. काळ्या कपड्यातली पाच पोरं हात जोडून उभी. गावकारांनी डोळे मिटले.

“बा देवा म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” वाडी एका सुरात.

“आज ही जी पोरां मुंबैसून इली आसत, तोंडाक पांढरा फासून, काळे कपडे घालून, ती काय करतत ता तेंचा तेंकाच म्हायत नाय, म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“तेंचा काय चुकला-माकला तर पोटात घाल. तेंच्या गिटारीची तार तुटा नये, तेंका ताप-पडसा होव नये, आणि ती जी काय गाणी म्हणतत ती खालच्या वाडयेत ऐकाक जाव नयेत, म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

तिसऱ्या वेळी आमच्या गायकाला राहवलं नाही. त्याने पोटातून, घशाच्या तळातून, खास मेटलवाल्यांचा तो खरखरीत आवाज काढला आणि ‘व्हय म्हाराजा’ असा काही हाणला की मागच्या आंब्यावरची वटवाघळं उठली. क्षणभर सगळे गप्प. मग गावकारांनी एक डोळा उघडून सांगितलं, “ह्याचो आवाज बरो आसा.” त्या पोराची आजवर झालेली ही एकमेव समीक्षा आहे.

अंधार पडला आणि मी दिग्दर्शकाच्या आवाजात “लाइट्स ऑफ” म्हटलं. त्याच वेळी आतून बायको आली. तिच्या हातात ताट, ताटात दोन समया, चार निरांजनं, एक लामणदिवा आणि ओळीने कणकेचे दिवे; सगळे घासूनपुसून लखलखीत, सगळे पेटलेले. मागून काकी आणखी दिवे घेऊन. मागून त्यांच्या सुना.

आषाढी अमावास्या म्हणजे दिव्यांची अवस. वर्षातला जो एक दिवस घरातला दिवा न् दिवा घासून, पाटावर मांडून, पेटवून त्याची पूजा करायची असते, तो मी काळोखासाठी निवडला होता. बायकोला हे मुंबईपासून माहीत होतं. ती म्हणाली, “तुम्ही विचारलंत कुठे?”

मीही हार मानणारा नव्हतो. पोलीस या बँडचं ‘रॅप्ड अराउंड युअर फिंगर’ आहे, 1983 चं, गॉडली आणि क्रेम या जोडीने केलेलं. त्यात सगळीकडे मेणबत्त्याच मेणबत्त्या आहेत आणि स्टिंग त्यांच्यामधून स्वप्नात असल्यासारखा तरंगत चालतो. युक्ती अशी की सेटवर गाणं दुप्पट वेगाने लावतात, गायक त्या वेगात ओठ हलवतो, कॅमेरा जास्त फ्रेम टिपतो, आणि नंतर सगळं हळू केलं की ओठ गाण्याशी जुळतात पण अंग पाण्यात चालल्यासारखं जड दिसतं. म्हटलं, दिवे आहेतच, तर हेच करू. गाणं दुप्पट वेगाने लावलं. आमचं गाणं मुळातच इतकं वेगवान की दुप्पट झाल्यावर त्याचं शिट्टीत रूपांतर झालं. गायकाने पहिल्या कडव्यात जीभ चावली. ओटीवरच्या मंडळींनी मात्र त्या वेगाला टाळ्यांचा ठेका धरला. भजनाच्या शेवटी गजर चढतो तशी त्यांना ती लय ओळखीची वाटली. दोघे-तिघे फुगडीला उठले.

शेवटी देवासमोरची एक समई ठेवून बाकी दिवे मिनतवाऱ्या करून आत नेले आणि आम्ही खऱ्या काळोखात मागीलदारी गेलो. पाऊस मुसळधार. कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पडतो. त्यातला निम्मा त्या रात्री पडला असावा. पोरं भिजली, लोळली, ओरडली. मी फोनवर सगळं टिपलं. मग पडवीत येऊन सगळ्यांनी डोकी एकत्र करून ते पाहिलं.

काही नव्हतं. काळं होतं. शेवटी ड्रमर म्हणाला, “माझा उजवा हात दिसतोय बहुतेक.” ते केळीचं पान होतं.

तेव्हा मला बुफेच्या रांगेत सांगितलेल्या माझ्याच सगळ्या गोष्टी नव्याने आठवायला लागल्या. पडद्यावर दिसतो तो काळोख कोणी अंधारात जाऊन गोळा केलेला नसतो. तो उजेडाने बनवतात. पाऊस कॅमेऱ्याला दिसायचा तर त्याच्या मागून जोरदार दिवा मारावा लागतो, नाहीतर ढगफुटी झाली तरी पडदा कोरडा. रस्ता उदास दिसायचा तर त्यावर टँकरने पाणी मारून मग दिवे लावतात, म्हणजे डबक्यांत उजेड चमकतो आणि बाकीचं काळं वाटतं. चांदणं म्हणजे क्रेनवर चढवलेला निळसर दिवा आणि त्याच्यासाठी गल्लीत घरघरणारा जनरेटर. 1920 मध्ये जर्मनीत ‘द कॅबिनेट ऑफ डॉक्टर कॅलिगारी’ केला तेव्हा तर सावल्या चक्क ब्रशने भिंतींवर आणि जमिनीवर रंगवल्या होत्या. ऐंशी वर्षांनी रेड हॉट चिली पेपर्सने ‘अदरसाइड’साठी पुन्हा तोच वाकडातिकडा नमुना गिरवला. सॅम्युअल बायरने ग्रीन डेच्या ‘बुलेव्हार्ड ऑफ ब्रोकन ड्रीम्स’साठी चांगल्या निगेटिव्हवर ब्लेडने ओरखडे काढले आणि वर कॉफी ओतली, असं सांगतात. टूल या बँडच्या व्हिडिओंतले ते अंगावर काटा आणणारे बाहुले गिटारवाला अ‍ॅडम जोन्सच्या हातून घडले, आणि तो माणूस ‘टर्मिनेटर 2’ आणि ‘जुरासिक पार्क’च्या कारखान्यात हात मळवून आलेला. मेटॅलिकाने ‘वन’च्या व्हिडिओत एका जुन्या युद्धविरोधी चित्रपटाचे तुकडे वापरले आणि पुढे त्या चित्रपटाचे हक्कच विकत घेऊन टाकले. एवढे पैसे, एवढी माणसं, एवढे दिवे. आणि दिसायला काय, तर एक पोरगं एकटं उभं आहे. असल्या एकटेपणाला एक लाइटमन लागतो, त्याचे चार मदतनीस लागतात आणि सगळ्यांचं जेवण लागतं. आमच्याकडे यातलं फक्त जेवण होतं.

भाचा म्हणाला, “मामा, नाइट मोड आहे.”

नाइट मोड लावला. हल्लीच्या फोनला अंधार हा आजार वाटतो. दिसला की तो लगेच उपचार सुरू करतो. अमावास्येची ती काळीकुट्ट रात्र फोनने सकाळी साडेदहाची करून दाखवली. मागे वाळत घातलेला माझा पट्ट्यापट्ट्यांचा लेंगा लख्ख दिसत होता. शिवाय फोन बायकोचा होता आणि त्यात चेहरा सुंदर करण्याची सोय कायमची चालू. ती बंद कशी करायची ते तिलाही माहीत नव्हतं. प्रेतांच्या गालांवरच्या सुरकुत्या गेल्या, डोळे टपोरे झाले, ओठांना गुलाबी छटा आली. नरकाच्या दारातून ओरडणारा आमचा गायक एखाद्या वधू-वर सूचक मंडळात नाव घालावं असा दिसायला लागला. काकींनी वाकून बघितलं आणि त्याच्या घरची चौकशी केली.

इतक्यात लाइट गेली. गावकऱ्यांनी समई बाहेर आणली. काकींनी हाक मारली की कोंबडी-वडे गरम आहेत, शाकाहाऱ्याला काळ्या वाटाण्याची उसळ आहे, आणि उदास व्हायचं असेल तर जेवून व्हा. पाचही जण गेले. मी अर्धा मिनिट पावसात एकटा उभा राहिलो, दिग्दर्शकाने राहावं तसा. मग छत्री घेऊन एक पोर आलं आणि म्हणालं, “आजयेन सांगल्यान, डोक्या पूस.”

मुंबईला आल्यावर भाच्याने जे हाती लागलं त्यातून व्हिडिओ जोडला. पूर्वी फिल्म धुताना ब्लीचची पायरी गाळायचे. त्यामुळे चांदी फिल्मवर तशीच राहायची, रंग विटायचे आणि सावल्या घट्ट व्हायच्या. 1960 मध्ये जपानच्या कोन इचिकावाने ‘ओतोतो’मध्ये हे केलं, आणि नव्वदच्या दशकात तर त्याची साथच आली. भाच्याने फोनवर एक टिंब डावीकडे सरकवून तेच केलं. सगळं करडं झालं. लेंगासुद्धा.

मग तो घरच्या ग्रुपवर टाकला. पहिली प्रतिक्रिया बडोद्याच्या काकांची: ‘पडवीचा वासा कोणी कापला?’ दुसरी नालासोपाऱ्याहून: ‘मिनिट 1.42 ला जो फणस दिसतो तो आमच्या वाट्याचा.’ गाणं कोणीच ऐकलेलं दिसत नव्हतं, पण व्हिडिओ प्रत्येकाने फ्रेमगणिक थांबवून पाहिला होता. ओल कुठपर्यंत चढली, वाळवी कुठे लागली, कोणाच्या खोलीला कोणाचं कुलूप, सगळं निघालं. जे आजवर एकाही बैठकीत झालं नाही ते व्हिडिओने झालं: दुरुस्तीवर एकमत. कौलं काढून निळे पत्रे घालायचे ठरले आणि भिंतींना पिस्ता रंग. माझी वर्गणी सगळ्यांत जास्त, कारण घराची ही अवस्था मी जगापुढे आणली. जग म्हणजे तेव्हा एकशे बारा प्रेक्षक. त्यातले बहुतेक भाऊबंद आणि काही त्यांचे वकील.

व्हिडिओत एक जागा मात्र खरोखर चांगली जमली आहे, आणि ती माझी नाही. गाणं मध्येच थांबतं, पडदा पूर्ण काळा होतो, आणि गाऱ्हाण्याच्या वेळी चुकून चालू राहिलेल्या फोनमधून पन्नास माणसांचा तो ‘व्हय म्हाराजा’ येतो, त्याच्या तळाशी गायकाचा खरखरीत खर्ज. अंगावर सर्रकन काटा येतो. तिथे ना पाऊस आहे, ना धूर, ना दिग्दर्शन.

मागच्या आठवड्यात भाचा एका फॉर्मवर सही घ्यायला माझ्या ऑफिसात आला. मी फाइल खालीवर करेपर्यंत तो माझ्या टेबलाशी उभा होता. आमच्याकडे दिवसाही सगळ्या ट्यूबलाइटी चालू असतात. त्यांच्या उजेडात एक हिरवट झाक असते, कॅमेऱ्यात माणूस आजारी दिसतो तो त्यामुळेच. एक ट्यूब कोपऱ्यात गेले कित्येक महिने फडफडते आहे. जिन्याच्या वळणावर लाल पिचकाऱ्या. ओळीने चाळीस माणसं बसलेली, आणि कोणी कोणाकडे बघत नाही. तेवढ्यात साहेब केबिनमधून बाहेर आले आणि चाळीसच्या चाळीस चेहऱ्यांवर एकदम, कानापर्यंत ताणलेलं हसू आलं. माझ्याही. साहेब गेले. हसू लगेच उतरवायचं नसतं, म्हणून ते थोडा वेळ तसंच राहिलं.

भाचा सही विसरला. हळूच म्हणाला, “मामा, ब्लॅक होल सन.”

दुसऱ्या गाण्याचं शूटिंग आता शनिवारी, ऑफिस सुटल्यावर. या वेळी दिग्दर्शन तो करणार आहे, मला फक्त काम दिलंय. मेकअपवाल्या काकांना बोलवू का, असं मी विचारलं. त्याने माझ्याकडे ट्यूबलाइटखाली नीट निरखून पाहिलं आणि म्हणाला, “तुला नको.”